आतली कडी

४ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा. किती दिवसांत तुझं पत्र नाही, रोज कॉम्प्युटर उघडून बघते. फोन करतोस, पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं हे तुला ठाऊक आहे. मागच्या खेपेला तू काय बोललास ते कळलं नाही, म्हणून मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले आणि मग दिवसभर धास्ती, की कशाला हो म्हणून बसले.

बातमी अशी की माझ्या उजव्या गुडघ्याने हात टेकले. जन्मभर शिलाई मशीनचं पायडल मारलं, त्याची वसुली चालली आहे. डॉक्टर म्हणतात बदलून टाकू. मार्चच्या सुरुवातीला ऑपरेशन, नंतर तिथेच व्यायाम, चालायला शिकणं. महिना-सव्वा महिना घराबाहेर.

माझं काही नाही, प्रश्न तुझ्या काकांचा आहे. आता ते बरंच विसरतात. जेवले की नाही, विसरतात. बस चालवणं सोडून किती वर्षं झाली ते विसरतात आणि सकाळी खाकी शर्ट मागतात. परवा मला कंडक्टर म्हणाले. म्हटलं, मग आधी तिकीट काढा. हसले, म्हणजे अजून आतमध्ये आहेत कुठेतरी.

एक गोष्ट मात्र विसरत नाहीत. झोपण्याआधी पुढच्या दाराची कडी स्वतःच्या हाताने लावायची. मी लावली तर काढून पुन्हा लावतात. एकदा लावली की माणूस निवांत. लावू दिली नाही तर घरभर येरझाऱ्या. पण तुला काय सांगायचं? कॉलेजच्या वर्षांत तू त्याच दाराजवळच्या खाटेवर झोपायचास आणि कडीच्या आवाजाने कुरकुरायचास.

तुझी खोली एकच, तीही तिसऱ्या मजल्यावर, आणि तू दिवसभर कामात. म्हणून मी काही विचारत नाही. नुसतं कळवते आहे.

आणि तू नक्की काय काम करतोस ते एकदा नीट लिही. शेजारीण विचारते, मी "कॉम्प्युटरवर काहीतरी" म्हणते. ती समजली आहे की तू दुरुस्त करतोस. तिने तिचा बिघडलेला तुझ्यासाठी पुसून ठेवला आहे.

तुझी आत्या

८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

धपाटा पोचला. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, पण आता हे ऑपरेशन अगदी सर्रास होतं, तू घाबरू नकोस.

काकांना इकडे आणता आलं असतं तर मलाच आवडलं असतं. पण तू म्हणतेस तसं जिने आहेत, घरमालक कटकट्या आहे आणि नेमक्या मार्चमध्ये आमच्याकडे कामाचा डोंगर असतो. हल्ली चांगले वृद्धनिवास निघाले आहेत, महिन्या-दीड महिन्यासाठीही ठेवून घेतात. नेटवर शोध. तुला जमतं, मी शिकवलं आहे. घाई करू नकोस, नीट वाचून ठरव.

माझं काम शेजारणीला सांगण्यासारखं नाही, पण तुला सांगतो. समज, तू एखाद्या दुकानाचं नाव नेटवर शोधलंस. पहिल्या पानावर जे दिसेल तेच तू वाचशील. दुसऱ्या पानावर कोणी जात नाही, तिसऱ्यावर तर चिटपाखरू नसतं. म्हणून दुकानदार आम्हाला पैसे देतो. आम्ही त्याच्याविषयी चांगले लेख लिहितो आणि वेगवेगळ्या लोकांच्या संकेतस्थळांवर जागा विकत घेऊन ते छापून आणतो. प्रत्येक लेखात दुकानाच्या पानाकडे जाणारी लिंक. जितक्या लिंका, तितकं वजन. चांगलं वर चढतं आणि त्याच्याबद्दल कोणी वाईट लिहिलं असेल तर ते खाली खाली जातं. आम्ही काही पुसत नाही. नुसतं वर चांगलं रचत जातो. लेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "प्रायोजित" असं लिहिलेलंही असतं. ते वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

काकांना नमस्कार सांग. म्हणावं, ढब्बू अजून कडीच्या आवाजाने जागा होतो.

तुझा ढब्बू

१२ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

तुझं काम समजलं. डागावर खिसा. आमच्या दुकानात नव्या सदऱ्यावर तेलाचा डाग पडला की आम्ही त्यावर खिसा शिवायचो. पण गिऱ्हाइकाला सांगून, आणि खिशाची शिलाई घ्यायची नाही. तुमच्याकडे खिशाचीच शिलाई घेतात असं दिसतं. जाऊ दे, चिडू नकोस. पोटाचा धंदा आहे.

आता खरी बातमी. काकांसाठी जागा सापडली. इथून दोन तासांवर, टेकडीवरचा वृद्धनिवास. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे नीट वाचलं. एक लेख जेवणाबद्दल, एक बागेबद्दल, एक डॉक्टरांबद्दल. सगळे गोडगोड, त्यामुळे मला शंका आली. मग एक सापडला आणि मी चष्मा काढून ठेवला. डोळे पुसायला.

एका मुलाने आपल्या वडिलांबद्दल लिहिलं आहे. नाव दिलेलं नाही. तुझ्यासाठी उतरवून काढते: "बाबांना झोपण्याआधी दाराची कडी स्वतः लावायची असते. नाहीतर त्यांना चैन पडत नाही. मला वाटलं, परक्या जागी हे कोण समजून घेणार? पण इथला मदतनीस रोज त्यांच्याबरोबर दारापर्यंत जातो, त्यांच्या खांद्याला हात लावून उभा राहतो आणि त्यांना कडी लावू देतो. आतून. मग माझे बाबा झोपतात."

ढब्बू, जगात तुझ्या काकांसारखा आणखी एक माणूस आहे. मला वाटत होतं हे वेड आमच्याच घरात आहे. मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शहाणा माणूस दिसतो."

आता तुझ्याकडे एक काम. तू याच धंद्यातला आहेस, तर मला त्या मुलाचा पत्ता मिळवून दे. मला त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तोवर त्या लेखाखाली जी चौकट आहे तिच्यात मी चार ओळी लिहिल्या आहेत. मिळाल्या तर देईल उत्तर.

आत्या

१२ फेब्रुवारी
(लेखाखालच्या चौकटीत)

प्रिय मुला,

तुझं नाव माहीत नाही, पण तू माझ्या भाच्याएवढा असशील, म्हणून तू म्हणते. माझ्या यजमानांनाही तुझ्या बाबांसारखी कडी लावायची सवय आहे. मला महिनाभर त्यांना कुठेतरी ठेवायचं आहे. माझा गुडघा इतका धरला आहे की टेकडी चढून स्वतः बघून येता येत नाही. म्हणून तुलाच विचारते. ते खरंच आतून लावू देतात ना? आणि आपण निघून आल्यावर बाबांनी तुला शोधलं का? खरं सांग. वाईट असलं तरी चालेल.

एक शिंपीण

१४ फेब्रुवारी
(लिहिलेलं, न पाठवलेलं)

आत्या,

तो मुलगा मी आहे.

त्याला बाबा नाहीत. म्हणजे ते बाबा तिथे कधी नव्हते. मी टेकडीवर गेलेलोही नाही, मला फोटो पाठवले होते. आमच्या मॅडमचा नियम आहे की तक्रार जिथे दुखते, चांगलं नेमकं तिथेच लिहायचं. या निवासाबद्दल एक जुनी तक्रार आहे, एका मुलीने आपल्या आईबद्दल लिहिलेली. तिच्या आईच्या खोलीला आतून कडीच नव्हती, बाहेरून कुलूप लावायचे, आणि आई दारापाशी बसून राहायची. मला ती खाली ढकलायची होती. तीन वेळा लिहिलं, मॅडम म्हणाल्या, पोकळ वाटतं, जिवंत माणूस दिसत नाही. मग मी काकांना घेतलं. मला कडी म्हटलं की दुसरं कोण आठवणार? एका बैठकीत लिहून झालं. मॅडमनी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मला बरं वाटलं. ते मी लपवत नाही, मला फार बरं वाटलं.

ती तक्रार आता तिसऱ्या पानावर आहे.

तू मला "ते खरंच आतून लावू देतात ना" असं विचारलं आहेस. तू मलाच विचारलं आहेस आणि तुला ते

१४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. त्या मुलाचा पत्ता मिळणं कठीण आहे, असे लेख बहुतेक निनावी असतात. माझा सल्ला विचारशील तर अशा लेखांवर फार विसंबू नये. कोपऱ्यात "प्रायोजित" आहे का ते बघ. आणखी दोन-चार जागा बघितल्यास तर बरं. टेकडी तुला लांब पडेल, शिवाय तिथे वारा फार असतो म्हणे. काकांचा खोकला आहेच.

घाईत आहे. पुढच्या वेळी सविस्तर.

ढब्बू

१७ फेब्रुवारी
(लेखाखालच्या चौकटीत, उत्तर)

आदरणीय बाई,

आपल्या ओळी वाचल्या. उत्तराला उशीर झाला, माफ करा.

बाबांनी मला पहिले काही दिवस शोधलं. मग कमी शोधलं. माणूस रुळतो. कडीबद्दल मी लेखात लिहिलं आहेच. बाबा कडी लावल्यावर ती दोनदा ओढून बघतात आणि म्हणतात, "लागली गाडी डेपोत." मग झोपतात. हे वाक्य ज्याने रोज ऐकलं आहे त्यालाच कळेल. तुम्हाला कळेल असं वाटतं.

निर्णय तुम्ही विचार करून घ्या. कोणाच्याही शब्दावर जाऊ नका, माझ्याही.

आपला,
एक मुलगा

२० फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

वाऱ्याची गंमत वाटली. तू पंख्याखाली उघडा झोपणारा, तुला वाऱ्याची कधीपासून धास्ती? मफलर देते बरोबर. दोन देते.

जागा ठरवली. निवासाची गाडी दोन मार्चला न्यायला येणार. त्या मुलाचं उत्तर आलं आणि माझ्या मनातली सगळी किल्मिषं गेली. मला कळायचं ते कळलं. काही माणसं तोंडावर सांगत नाहीत, भिंतीआडून सांगतात. आमच्या माहेरचीच खोड आहे ती, तुझे आजोबाही तसेच होते. मला पैसे द्यायचे तर उशीखाली ठेवून जायचे आणि विचारलं तर म्हणायचे, उंदराने आणून ठेवले असतील. मी कधी त्यांना पकडलं नाही. देणाऱ्याला लाज वाटत असेल तर घेणाऱ्याने बघू नये.

तर आता तू काळजी करू नकोस आणि मीही करत नाही. काकांची पिशवी भरून ठेवली आहे. पिशवीवर त्यांचं नाव मी दोऱ्याने शिवलं. ते बघून म्हणाले, "नंबर नाही टाकलास?" म्हणून त्यांच्या जुन्या बसचा नंबरही शिवला.

तुझी आत्या

५ मार्च

प्रिय आत्या,

आज तुझं ऑपरेशन. हॉस्पिटलमध्ये तू कॉम्प्युटर नेणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणजे हे पत्र तू घरी येईपर्यंत वाचणार नाहीस हेही माहीत आहे. म्हणूनच आज लिहितो आहे. एवढं तरी खरं लिहितो.

तो लेख माझा होता. तो मुलगा नाही, ते बाबा नाहीत, तो मदतनीस नाही. काकांची कडी मी चोरली आणि विकली. चौकटीतलं उत्तरही माझंच. मॅडम म्हणाल्या, कोणी प्रश्न विचारला की त्या मुलाच्याच आवाजात उत्तर द्यायचं, नाहीतर पान मेलेलं दिसतं. मी लिहायला बसलो आणि मला एक युक्ती सुचली. "लागली गाडी डेपोत" हे वाक्य मी त्यात मुद्दाम घातलं. काकांशिवाय जगात हे कोण म्हणतं? म्हटलं, आत्या वाचेल, ओळखेल, समजेल की हे सगळं बनावट आहे, मला शिव्या घालेल आणि काकांना तिथे नेणार नाही. मला काही बोलावं लागणार नाही. सगळं आपोआप होईल.

तू ओळखलं नाहीस. तुझं वीस तारखेचं पत्र वाचून मी खुर्चीत बसून राहिलो. तेव्हाही दोन मार्च लांब होता. गाडी धरून मी संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात पोचलो असतो. पोचून काय म्हणणार होतो, तेवढं सुचेना, आणि म्हणून निघालो नाही. मार्चमधला कामाचा डोंगर वगैरे थाप होती. डोंगर नाही. जिने आहेत, पण काका अजून जिने चढतात.

निवासात फोन केला होता. ते म्हणाले, सगळं छान आहे. तेच शब्द, जे मी त्यांना लिहून दिले होते.

ढब्बू

१४ एप्रिल

ढब्बू,

घरी आले. काठी घेऊन चालते. काकांनाही आणलं.

तुझं पाच मार्चचं पत्र वाचलं. आज उत्तर लिहिण्याची ताकद नाही.

आत्या

१५ एप्रिल

प्रिय आत्या,

काका कसे आहेत? एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

ढब्बू

२२ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. शेजारणीला फोन केला होता. काका घरातच असतात, फारसे बोलत नाहीत, एवढंच म्हणाली आणि तिच्या कॉम्प्युटरचं विचारलं.

मी मॅडमना म्हटलं, ते पान काढा. त्या वाईट नाहीत, आत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि समजावलं की पान दुसऱ्याच्या संकेतस्थळावर आहे, जागेचे पैसे वर्षाचे भरलेले आहेत, आणि आता ते शोधात पहिलं येतं. पहिलं का येतं? तर लोक ते शेवटपर्यंत वाचतात. "तू फार मनापासून लिहिलं आहेस," असं म्हणाल्या. वर चढवायला मी होतो, खाली उतरवायला कोणी नाही.

मी काम सोडलं. त्याने काकांचं काही बरं होत नाही, हे मला कळतं. त्या लेखाच्या चौकटीत मी खरं काय ते लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं होतं. मग मी तिसऱ्या पानावर गेलो, त्या मुलीची तक्रार शोधून काढली आणि तिच्याखाली माझं लिहिलं, माझ्या नावाने. तिथे आता आम्ही दोघं आहोत. कोणी येत नाही.

तिला मी वेगळं पत्रही लिहिलं. तिचं उत्तर आलं, एका ओळीचं. "माझी आई गेल्या वर्षी गेली, पण कळवल्याबद्दल आभार." आभार, आत्या.

तू शिव्या दे. फोनवर दे, पत्रात दे. पण गप्प राहू नकोस.

ढब्बू

२९ एप्रिल

प्रिय ढब्बू,

प्रिय लिहिताना हात थांबला होता. पण दुसरं काही लिहायची सवय नाही.

तिथे काय झालं ते तुला सांगते. तू लेखक आहेस, तर तुला पूर्ण माहीत असायला हवं.

त्यांच्या खोलीला आतून कडी नव्हती. तिथल्या मदतनिसाने मला सांगितलं. दोन मजल्यांना तो एकटाच. भला माणूस आहे, माझ्याकडे बघत नव्हता. पहिल्या दिवशी काका झोपायच्या वेळी दारापाशी गेले आणि कडी शोधू लागले. वर, खाली, फटीत. इतक्यात बाहेरून बोल्ट लागला. मग त्यांनी दार ठोठावलं. सगळ्यांची झोपमोड होते म्हणून त्यांना गोळी देऊ लागले. गोळीचा अंमल उतरला की पुन्हा दारापाशी. मी आणायला गेले तेव्हा त्यांच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. नखं गेली होती, दाराच्या कडेने खरवडून. माझ्याकडे बघून म्हणाले, "कंडक्टर, दार उघड, लोक उतरायचे आहेत."

आता तुझ्या युक्तीबद्दल.

तू लिहिलंस की मी ओळखलं नाही. ढब्बू, मी ओळखलं होतं. "लागली गाडी डेपोत" वाचलं, त्याच क्षणी ओळखलं. मी जन्मभर ते वाक्य ऐकत आले आहे. मी खुर्चीवरून उठून काकांना सांगायला गेले, की अहो, तो लेख लिहिणारा मुलगा म्हणजे आपला ढब्बू. मला वाटलं, हा पोरगा त्या निवासाचं काम करतो, आतली माहिती याला आहे, जागा चांगली आहे हे याला पक्कं ठाऊक आहे. पण स्वतःच्या खोलीवर काकांना नेता येत नाही म्हणून लाजला आहे, तोंडाने शिफारस करायला धजत नाही, म्हणून आडून सांगतो आहे. तू वाऱ्याचं आणि खोकल्याचं लिहिलंस तेसुद्धा मला त्या लाजेतलंच वाटलं. म्हणून तुला आजोबांची गोष्ट लिहिली, उंदराची. तुला कळावं की मला कळलं आहे, आणि मी तुला पकडणार नाही.

एका परक्या मुलाच्या शब्दावर मी त्यांना कधीच पाठवलं नसतं. त्याला तर मी चार प्रश्न आणखी विचारणार होते. तुझ्या शब्दावर पाठवलं.

मी रागावले आहे. किती दिवस रागावेन ते सांगता येत नाही, आणि तू विचारूही नकोस. स्वतःवरही रागावले आहे. तू "माझ्याही शब्दावर जाऊ नका" असं लिहिलं होतंस, आणि मी हसले होते, की बघा, केवढा विनय. काम सोडलंस ते बरं केलंस, पण ते मला भेट म्हणून देऊ नकोस.

आता काकांचं. बोटं भरून आली. जेवतात. शर्ट मागत नाहीत. आणि कडी लावत नाहीत, ढब्बू. मी लावायला गेले की धडपडत उठतात आणि माझा हात धरतात. कडीचा आवाज झाला की थरथरतात. पहिल्या दिवशी मी हट्टाने लावली, तर दारापाशी जमिनीवर बसून राहिले. त्या मुलीची आई बसायची तसे. मी ती तक्रार वाचली. तिसऱ्या पानापर्यंत गेले होते मी, आल्यावर. तुझी खालची पाच ओळींची चिठ्ठीही वाचली. खिसा लावलेला नाही, एवढं दिसलं.

तेव्हापासून आम्ही पुढचं दार उघडं ठेवून झोपतो. रस्त्यावरचं घर, मी काठीवर, आणि ते केव्हाही उठून चालू लागतील. माझा डोळा लागत नाही. दाराशी कोणीतरी झोपायला हवं. ती जुनी खाट मी तिथेच टाकून घेतली आहे, पट्ट्या ढिल्या झाल्या आहेत, पण तुझं वजन पेलेल.

मी फेब्रुवारीत विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. ती माझी चूक. आता विचारते. येतोस का?

येशील तेव्हा कडी वाजवू नकोस. दार उघडंच असेल.

आत्या